दह्याला ऐकू येईना

कुरुंद्याच्या शाळेत मी विज्ञान शिकवते. एका सकाळी चहा घेताना सहज बोलून गेले, की जिवाणू रसायनांनी एकमेकांना निरोप देतात. आवाजानंही देत असावेत, अशी काही शास्त्रज्ञांना शंका आहे. अजून सिद्ध झालेलं नाही, हेही सांगितलं. ते सासूबाईंनी सोडून दिलं.

"म्हंजे दह्यातले बी?"

"तेही जिवाणूच," म्हणाले आणि शाळेला गेले.

त्या आठवड्यात आमचं दही दोनदा लागलं नव्हतं. संध्याकाळी परतले तर सासूबाई शेजाऱ्याच्या अंगणात कमरेवर हात ठेवून उभ्या. तिथं हळद पॉलिश करायचा लोखंडी ढोल दिवसभर गडगडत असतो.

"बंद कर ते!" त्या ओरडत होत्या. "माझ्या दह्याला एकमेकाचं ऐकू येऊन न्हाई राहिलं."

शेजाऱ्यानं ढोल थांबवला. मला वाटलं, आता हा हसणार. तो विचार करून म्हणाला, "काकू, आमचं दही तर ह्याच आवाजात लागतं. बराबर लागतं."

"ते काहून?"

"सवय हाय त्याला. मोठ्यानं बोलत असंल."

सासूबाईंना पटलं. मी मधे पडले, "आत्या, जिवाणूंचा आवाज असलाच तर आपल्या कानाला कळायचा नाही."

"आपल्याला कशाला कळाया पायजे? आपल्याशी थोडंच बोलून राहिलेत ते!"



शेजाऱ्यानं वाटीभर विरजण दिलं. दुसऱ्या दिवशी रविवार होता. सासूबाईंनी सकाळीच स्वतः दुधाला विरजण लावलं, आणि तेवढ्यात लाईट गेली. ढोल बंद. गल्ली एकदम शांत. सासूबाईंचा जीव कासावीस झाला.

"त्याला करमायचं न्हाई गं. घमेलं वाजव."

मी एमएस्सी आहे. तरी घमेलं आणि उलथनं घेऊन पातेल्याशेजारी बसले. वाजवत असतानाच एका विद्यार्थिनीची आई प्रगतिपुस्तकावर सही घ्यायला आली. तिनं मला पाहिलं, पातेल्याला पाहिलं.

"काय करून राहिल्या, मॅडम?"

"प्रयोग," मी म्हणाले.

दुपारी दही लागलं, सुरीनं कापावं असं. खरं तर आधी दोन्ही वेळा घाईत मीच कढत दुधात विरजण घातलं होतं. या वेळी त्यांनी दूध कोमट होऊ दिलं होतं. मी सांगायला तोंड उघडलं, तोच सासूबाईंनी वरची साय माझ्या ताटात वाढली. मी घास घेतला. दही फार छान होतं.