साडेचार ग्रॅमची पुडी

तीस वर्षांत आपल्या हातून एकही चुकीचा डोस गेला नाही, असं तायडे सर सांगायचे, आणि जरा जास्तच वेळा सांगायचे. इकडे परदेशात, अप्पर हट गावातल्या त्यांच्या छोट्या फार्मसीत मी नऊ वर्षं काम करते आहे, त्यामुळे मला ते वाक्य पाठ झालं होतं. पण ते खोटं नव्हतं. सुधाकर तायडे गोळ्या दोनदा मोजत, लेबल तीनदा वाचत, आणि समोरचा माणूस कितीही खोळंबला तरी घाई करत नसत.

त्यांचे वडील अकोल्याला एका दवाखान्यात कंपाउंडर होते. वडिलांचा पितळी तराजू सरांनी इथे येताना सोबत आणला, आणि कागदाची पुडी बांधायची त्यांची पद्धतही. खाली पडली तरी ती पुडी सुटत नसे. सरांच्या घरी रोज सकाळी बुद्धवंदना, मग पंचशील; त्यातलं पहिलंच शील जीवहत्या न करण्याचं. कोंबडीचा रस्सा मात्र भुरके मारत खायचे. मी टोचलं की म्हणायचे, "देवयानी, मारणारा मी नाही ना?"

रॉस हा आमचा जुना पेशंट. वय अठ्ठ्याहत्तर, टेकडीवर मेंढ्यांचं फार्म, घरात एकटाच. अकरा वर्षांपूर्वी त्याच्या हातांना कंप सुटला आणि तेव्हापासून त्याच्या गोळ्या सरच देत आले. त्याच्याकडे एक ठासणीची बंदूक होती, चकमकीची, जुन्या नमुन्यावरून त्याने स्वतः घडवलेली. नळीत वरून दारू आणि छर्रे भरून गजाने ठासायचे, बाजूच्या एवढ्याशा वाटीत चिमूटभर बारीक दारू टाकायची. चाप ओढला की चकमकीची ठिणगी पडते, वाटीत भडका उडतो, आणि मग क्षणभराने बार होतो. त्या क्षणभरात हात हलला की नेम गेलाच.

त्याच्या टेकडीवर रानटी टर्की कळपाकळपाने हिंडतात. महिन्यातून एका शनिवारी एकच बार, मिळाला तर एकच पक्षी, आणि तो खायचा, टाकायचा नाही, असा रॉसचा नियम होता. गोळी घेतल्यावर तासाभराने त्याचा हात सगळ्यात शांत असतो, म्हणून शनिवारच्या गोळीची वेळ सरांनीच बसवून दिली. कुंपणाच्या खांबावर नळी टेकवली की त्याला जमायचं. दारू मोजताना मात्र ती सांडायची. मग सर त्याच्या शेडमध्ये वडिलांचा तराजू घेऊन जाऊ लागले आणि साडेचार ग्रॅमच्या पुड्या बांधून देऊ लागले. दोन वर्षं हे चाललं होतं. मारणारे ते नव्हतेच.

गेल्या वर्षी रॉसच्या आग्रहावरून ते पहिल्यांदा त्याच्याबरोबर टेकडीवर गेले. पंचवीस पावलांवर एक नर मान वर करून उभा होता, आणि क्षणात तो गवतात पडला. तेव्हापासून पंचशील म्हणताना ते पहिल्याच ओळीला अडखळायला लागले. पण त्यांना रॉसला नाही म्हणवत नव्हतं. त्याच्या आयुष्यात त्या शनिवाराखेरीज उरलं होतं काय? म्हणून या मार्चमध्ये सरांनी कुणाला न सांगता पुडीत तीनच ग्रॅम भरले. बार होईल, धूर निघेल, छर्रे पोचणार नाहीत, पक्षी उडून जाईल, असा त्यांचा हिशोब. मला हे कळलं तेव्हा माझा संताप झाला. कमी डोस म्हणजे निरुपद्रवी डोस नव्हे, हे मला शिकवलं कुणी? यांनीच!

छर्रे पोचले. मारण्याइतक्या जोराने नाही, एवढंच. पंख लोंबकळत तो पक्षी काटेरी गॉर्सच्या झुडपांत शिरला आणि खालच्या घळीत दिसेनासा झाला. रॉसचे गुडघे घळीत उतरण्यातले नव्हते, म्हणून त्याच्याबरोबर गेलेले सर एकटेच उतरले. दीड तासाने तो सापडला, एका मानुकाच्या झाडाखाली, चोच उघडी टाकून धापा टाकत. वरून रॉसने ओरडून सांगितलं, मान कशी धरायची आणि कुठे पिळायची. रोज सकाळचं ते शील सरांच्या तोंडाशी आलं. त्यांनी मान पिळली. पहिल्या वेळी जमलं नाही, दुसऱ्यांदा पिळावी लागली.

पक्षी घेऊन ते वर आले तेव्हा रॉस मांडीवर बंदूक घेऊन बसला होता.

"हात गेला माझा," तो म्हणाला. "जनावराला असं तडफडत ठेवायचा मला हक्क नाही. ही म्युझियमला देऊन टाकतो."

सर गप्प बसले असते तर कुणाला काही कळलं नसतं. बंदूक गेली असती, पुढचा एकही पक्षी मेला नसता, आणि तीस वर्षांची बढाईही शाबूत राहिली असती. सर नंतर मला म्हणाले, "मोह झाला गं. खरंच झाला."

"हात ठीक आहे तुझा," त्यांनी रॉसला सांगितलं. "नेम बरोबर होता. दारू मी कमी भरली. मुद्दाम."

"किती?"

"तीन ग्रॅम."

रॉसने पक्षी उचलला आणि एकटाच घराकडे चालू लागला. सर हे सगळं सोमवारी मला सांगत होते तेव्हा त्यांच्या हातावर काट्यांचे ओरखडे होते. डोळ्यांकडे मी बघितलं नाही.

एप्रिलच्या शेवटी रॉस गोळ्या न्यायला आला. "शनिवारी एक मिळाला," तो सरांना म्हणाला. "दारू मीच भरली. निम्मी सांडली, पण पुरी भरली. एका बारात पडला, जागच्या जागी."

पक्षी मेला होता, तरी सरांचा चेहरा उजळला. त्यांनी बाटली पुढे सरकवली. रॉसने झाकण उघडलं, सगळ्या गोळ्या काउंटरवर ओतल्या आणि एकेक करून मोजायला लागला.

अकरा वर्षांत त्याने असं कधी केलं नव्हतं. बोटं थरथरत होती, दोनदा मोजणी चुकली, एक गोळी खाली घरंगळली. मी पुढे झाले तर सरांनी मला हातानेच थांबवलं. रॉस स्वतः वाकला. मागे रांगेत तीन माणसं उभी होती. नव्वद भरल्या तेव्हा त्याने त्या बाटलीत परत टाकल्या, मान हलवली आणि गेला.

सर म्हणाले, "पुढच्या महिन्यात त्याच्यासाठी मोजायचा ट्रे काढून ठेव, देवयानी. आणि खुर्ची. उभ्याने त्याचा हात जास्त थरथरतो."