पाण्याकडे पाठ करून

दादा गेल्याचा आईचा फोन आला आणि मी लातूरहून निलंग्याच्या पुढे आमच्या गावी पोचेपर्यंत चौकात त्यांचा फ्लेक्स लागलासुद्धा होता. मधे दादा, मागे रणगाडा! माझे वडील नौदलात होते हो... एकाहत्तरच्या लढाईत जहाजावर होते. पण गावाने त्यांना जन्मभर ‘मिल्ट्रीवाले’ म्हटलं आणि ते नुसते हसायचे. मला नाही हसू येत. महिना उलटून गेला तरी माझा संताप जात नाही.

लढाईचं ते फारसं बोलत नसत. एक सोबती डोळ्यांदेखत लाटेबरोबर गेला आणि दोर हाताशी नव्हता, एवढंच सांगायचे. रिटायर होऊन घरी आल्यावर आम्हा तिघी बहिणींना त्यांनी विहिरीत पोहायला शिकवलं. आमच्या वेण्याही तेच घालायचे, दोर वळल्यासारख्या घट्ट. शाळा सुटेपर्यंत कपाळ ठणकायचं.

आमच्याकडे नवरात्राआधी बायका दसरा काढतात, म्हणजे घरातलं पांघरूण न् पांघरूण धुऊन काढतात. गोधड्या घेऊन सगळ्या तलावावर जातात. तेव्हा तलाव तुडुंब असतो, आणि भिजलेली गोधडी माणसाला आत ओढते. म्हणून ते दिवस दादा बांधावर बसून असायचे. शेजारी ट्रॅक्टरची ट्यूब, तिला बांधलेला दोर हातात. बायकांना संकोच नको म्हणून पाण्याकडे पाठ करून.

“मग कळणार कसं तुम्हाला?” मी विचारायची.

“धोपटण्याचा आवाज मधेच थांबला की वळायचं, बाळ.”

आई मात्र करवादायची, “दुनियेच्या गोधड्या राखा तुम्ही. घरचा दसरा मी एकटीनं काढते.”

एका वर्षी आवाज थांबला. दादांनी ट्यूब फेकून ओढून काढली ती आजच्या सरपंचाची आई. तरी दर ग्रामसभेत दादा तेच मागायचे: तलावाला पायऱ्या करा, कठडा लावा. आणि दरवेळी तेच उत्तर, बघू. शेवटपर्यंत बघूच! शोकसभा मात्र झोकात, त्याच बांधावर. दादांच्या नावाची कमान जाहीर झाली, टाळ्या पडल्या. मी तिथल्या बाभळीकडे पाहिलं, तर तिथे कायम टांगलेली ट्यूब गायब.

“ताई, फोटोत बरं दिसंना ते टूब,” सरपंच म्हणाले. “गोदामात टाकलंय. कमान लई भारी करायलोत आपण.”

“बुडणारी बाई कमानीला धरणार आहे का?” मी भर सभेत ओरडले. लोक म्हणाले, पोरीला दुःख झालंय. दुःख होतंच. पण ओरडत होता तो राग होता, आणि तो मला कमी करायचा नाही.

परवा दसरा काढायला बायका तलावावर निघाल्या. मी गोदाम उघडायला लावलं, ट्यूबमध्ये हवा भरून आणली आणि बांधावर गेले, तर आई आधीच तिथे येऊन बसलेली, दादांच्या जागेवर. तिने माझ्या हातातून दोर घेतला.

पाण्यातून सरपंचाची आई हसून म्हणाली, “वैनी, तुम्ही तर बाईमाणूस. तोंड इकडं करा की!”

आई वळली नाही. “न्हाई,” म्हणाली, “मला ऐकू द्या.”