तळ्यातल्या पत्रावळी

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. आईला नाही, बहिणीला नाही, आणि ज्यांनी मला दिव्यापाशी बसवून अक्षरं गिरवायला शिकवली त्या ह्यांना तर नाहीच नाही. तुम्ही माझ्या ओळखीच्या नाही, म्हणूनच कागद घेऊन बसले आहे. ओळखीच्या माणसापुढे खरं बोलायचं धैर्य माझ्या अंगी कधीच नव्हतं — पुढे वाचाल तर कळेलच.

सुरुवात कुठून करू? तळ्यापासूनच करते.

ठाण्याला तळ्यांना तोटा नाही. त्यातल्या आमच्या आळीजवळच्या तळ्याकाठी मंडळींनी बाग केली, त्याच साली मी लग्न होऊन ठाण्यात आले. मंडळी म्हणजे गावातले चार प्रतिष्ठित गृहस्थ, आणि त्यांत माझे सासरे, आमचे मामंजी. काठाला दगड बांधले, वाट आखली, चार बाकं टाकली. संध्याकाळी मंडळी उपरणी सावरत तिथे हवा खायला बसत. दारावर पाटी लावली होती — पाण्यात घाण करू नये. बरोबर आहे, करू नये. मग करावी कुठे? ते पाटीवर नव्हतं. कचऱ्याला खड्डा नाही, तहानेला पाण्याचा रांजण नाही, आणि बायकांना — आता लिहायलाच बसले आहे तर लाजून काय करू — बायकांना अडल्यावेळी जायला आडोसा नाही. पुरुषांचं काय, त्यांना सगळं गावच आडोसा! बागेच्या माळ्याने मंडळींना विचारलं होतं म्हणे, कोपऱ्यात एक खड्डा खणू का, कुडाचा आडोसा घालू का? मंडळी म्हणाली, बागेची शोभा जाईल.

शोभा अजून टिकून आहे. गेल्या कार्तिकात पुतणीकडे ठाण्याला गेले, तेव्हा पाहून आले. काठाला द्रोण, पत्रावळी, निर्माल्य, केळीची सालं. मी जरा तिखट जिभेची म्हणून प्रसिद्ध आहे, त्यामुळे मोठ्याने म्हणाले, काय ही घाण! तेवढ्यात शेजारची एक म्हातारी म्हणाली, "अहो, ही खोड त्या किरिस्ताव माळणीने लावली. ऐन कार्तिकस्नानात उष्ट्या पत्रावळी टाकल्या होत्या हो पाण्यात!" आणि मी — काय केलं असेल? मान हलवली. इतक्या वर्षांनीही मान हलवली.

त्या माळणीचं नाव मारी. तिच्या नवऱ्याचं पास्कू. पोर्तुगिजांच्या वेळेला बाटलेल्यांतलं कुळ. भातशेती भावांत वाटून संपली, म्हणून पास्कू बागेच्या कामावर राहिला. बागेच्या टोकाला मंडळींनी दिलेली झोपडी, अंगणात चुन्याने रंगवलेला एक क्रूस, एक शेळी, आणि झावळ्यांच्या कुडाची नहाणी. झोपडी नोकरीबरोबरची होती, हे लक्षात ठेवा. नोकरी गेली की झोपडी गेली.

आवळीभोजन तुम्हाला ठाऊकच आहे. कार्तिकात आवळीच्या झाडाखाली पानं मांडून जेवायचं. बागेच्या कडेला एक जुनी आवळी होती, म्हणून त्या वर्षी आमच्या घरचं आणि आणखी तीन घरचं जेवण तिथे ठरलं. मी चौदा वर्षांची, सगळ्या सुनांत धाकटी. दोन दिवस आधी एकादशी झाली होती. त्या दिवशी रताळी आणि वऱ्याचे तांदूळ मी जरा अधाशासारखे खाल्ले होते. एकादशी दुप्पट खाशी, म्हणतात ना, तेच. पोट तेव्हापासून गुरगुरत होतं. पण सांगायचं कुणाला? सासूबाई म्हणाल्या असत्या, माहेरी काही मिळालं नव्हतं वाटतं.

पुरुषांची पंगत झाली, मग बायकांची, मग आम्हा सुनांची. आणि उष्टी काढायची ती धाकटीने. पत्रावळी उचलून टोपलीत भरायच्या, जमिनीला शेण लावायचं, आणि टोपली रस्त्यापलीकडे, शेताच्या बांधाजवळच्या चरात रिकामी करायची, असं सासूबाईंनी बजावून सांगितलं. टोपली भरली, शेण लावलं, निघाले — आणि पोटात अशी कळ आली की डोळ्यांपुढे अंधारी. रस्त्यापलीकडे? मला दहा पावलं चालवेना. तळ्याच्या कडेला केवड्याचं बेट होतं. त्याच्या आड जाऊन मी टोपली पाण्यात उपडी केली. वर दोन दगड ठेवले. बुडतील, असं वाटलं. चाळीस माणसांच्या उष्ट्या पत्रावळी दोन दगडांनी बुडतात का कधी? पण मला तेव्हा सुचतच नव्हतं काही. मी तिथेच पोट धरून बसले आणि रडायला लागले.

मारीने हे पाहिलं होतं. पत्रावळी टाकताना पाहिलं, आणि रडतानाही पाहिलं. तिने पत्रावळींचा शब्द काढला नाही. म्हणाली, "ये गो बाय, ऊठ. माजे नहानीत जा. कोन बघत नाय."

मी गेले. एका बाटलेल्या बाईच्या नहाणीत मी, अमक्यांची सून, तिच्या घागरीतलं पाणी घेऊन बसले. तिने बाहेर शेळी बांधल्याचं निमित्त करून दाराशी पहारा दिला. मी बाहेर आले, तेव्हा माझ्या लुगड्याचा काठ तिने आपल्या हाताने धुऊन पिळला. मग ओवा आणि मीठ तळहातावर ठेवलं, वर गडूभर पाणी दिलं. मी प्याले. विटाळाचा विचारसुद्धा मनात आला नाही, इतकं ते पाणी गोड लागलं. निघताना मीच घाबरून तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "मी नाय सांगत कोनाला."

त्या दिवशी मला ती आईपेक्षा जवळची वाटली. हे मी अगदी खरं लिहिते आहे. आजही ओव्याचा वास आला की डोळे भरतात, आणि घरातली मुलं विचारतात, धूर लागला का?

दुसऱ्या दिवशी उजाडता कार्तिकस्नानाच्या बायका तळ्यावर गेल्या. वाऱ्याने पत्रावळी नेमक्या घाटाच्या पायऱ्यांशी आणल्या होत्या. अर्घ्य द्यायला ओंजळ भरावी, तर ओंजळीत अळूच्या भाजीचं उष्टं. गावात हलकल्लोळ झाला. जेवण कुणाकडचं होतं हे सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे सकाळी मंडळी आमच्याच ओटीवर जमली. मामंजींची मान खाली. पाटी त्यांनीच लिहवून घेतली होती. पास्कू आणि मारीला बोलावून अंगणात उभं केलं होतं, कारण बागेची राखण त्यांच्याकडे.

मला माजघराच्या दारात बोलावलं. मामंजी कधी आवाज चढवत नसत. म्हणाले, "सूनबाई, पत्रावळी कुठे टाकल्या?"

चरात, असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात आतून सासूबाई म्हणाल्या, "चरात कशा? ही तर माळ्याच्या झोपडीकडून आली. काठ ओला होता हिचा. इतका वेळ तिथे काय करत होतीस गं?"

आता तुम्हीच सांगा — नको, तुम्ही काही सांगू नका. काय सांगायला हवं होतं ते मला तेव्हाही कळत होतं. मीच पाण्यात टाकल्या, पोटात कळ आली होती, एवढंच. फार तर मार बसला असता. पण मग पुढचा प्रश्न आला असता: झोपडीत कशाला गेलीस? तिच्या हातचं पाणी प्यालीस? आमच्याच आळीत एका मुलीला याहून लहान गोष्टीवरून माहेरी धाडली होती, आणि तिला परत न्यायला कुणी आलं नव्हतं. ते सगळं एका क्षणात माझ्या डोक्यात आलं, आणि मी म्हणाले, "माळणीने मागून घेतल्या. शेळीला हव्यात म्हणाली."

किती सोपं झालं बघा. उशीर का झाला, झोपडीकडे का गेले, पत्रावळी पाण्यात कशा आल्या — एका वाक्यात सगळ्याचा निकाल. मी हुशार होते, असं सगळे म्हणतच.

मामंजींनी मारीला विचारलं, "खरं का हे?"

मारीने माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. ती नुसती पाहत होती. आदल्या दिवशी मी नहाणीतून बाहेर आले, तेव्हा मला चालवतंय का म्हणून तिने तसंच पाहिलं होतं. पास्कू काहीतरी बोलायला गेला, त्याच्या दंडावर तिने हात ठेवला. मग म्हणाली, "व्हय. मीच मागितल्या. शेलीसाठी. वाऱ्यानं गेल्या आसतील पान्यात."

तिने तेव्हा खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? पत्रावळी सूनबाईंनी टाकल्या, मी डोळ्यांनी पाहिलं, आणि मग सूनबाई माझ्या नहाणीत होत्या. एवढं बोलली असती तर तिची झोपडी राहिली असती, आणि माझं घर गेलं असतं. तिला ते पुरतं ठाऊक होतं. ती माझी कोण होती? गेल्या वर्षभरात मी तिच्याशी चार शब्दही बोलले नव्हते. रस्त्यात समोर आली तर सावली चुकवून जात असे.

मंडळींनी झोपडी सोडायला दोन दिवसांची मुदत दिली. पास्कूने झोपडीच्या झावळ्या उतरवल्या, क्रूस उपटून पोत्यात गुंडाळला, शेळी गाडीच्या मागे बांधली. मी हे आमच्या माडीच्या खिडकीतून पाहिलं. खाली जाऊन एक शब्द बोलता आला असता, निदान तिच्या कानाशी तरी. पण मी उभी राहिले, आणि गाडी वळणाआड गेल्यावर ताकाचा डेरा घुसळायला गेले.

चौदा वर्षांची होतीस, असं कुणी म्हणेल. मी म्हणत नाही. पुढे मी वीसची झाले, तिशी उलटली, मामंजी गेले, सासूबाई गेल्या, विचारणारं कुणी उरलं नाही, तरी मी बोलले नाही. मारीचे उपकार मात्र मी रोज मोजत — मोजत कसली, आठवत आले. मला संसार मिळाला. मला समजुतीने वागवणारा नवरा मिळाला. पाटीवर पहिलं अक्षर काढलं तेव्हा, पहिली मुलगी झाली तेव्हा, सासूबाईंनी शेवटच्या दुखण्यात माझाच हात धरून ठेवला तेव्हा, दर वेळी मनात आलं की हे मारीने दिलं. देवापुढे हात जोडताना आधी ती आठवते आणि मग देव. लबाडी करून मिळालेल्या सुखाबद्दल कृतज्ञ असावं का? मला ठाऊक नाही. मी आहे, एवढं खरं.

आणखी एक राहिलं. ते टाळून उठणार होते, पण मग लिहिलं कशाला?

ह्यांना रेल्वेच्या कचेरीत कल्याणला काम मिळालं आणि आम्ही तिथे बिऱ्हाड केलं, त्याला चार वर्षं झाली होती. शेजारच्या काकूंबरोबर मी बाजारात गेले होते. भाजीवाल्या बायकांच्या रांगेत मारी बसलेली. पुढ्यात मुळ्याच्या जुड्या आणि वालाच्या शेंगा. पुष्कळ वाळली होती. मी पाहिलं त्याच्या आधी तिने मला पाहिलं, आणि तिचं तोंड फुललं. फुललंच, दुसरा शब्द नाही. "बाय! बरी हाय ना तू?"

पास्कू कसा आहे, राहता कुठे, शेती मिळाली का — सगळं माझ्या ओठांवर आलं. काकूंनी एकदा तिच्याकडे पाहिलं, तिच्या गळ्यातल्या क्रूसाकडे पाहिलं, आणि मला विचारलं, "ओळखीची का हो तुमच्या?"

मी म्हणाले, "नाही."

मारीने एक क्षणही जाऊ दिला नाही. काकूंकडे वळून म्हणाली, "नाय बाय, माजंच चुकलं. मना वाटलं, आमचे गावची कोन ती."

काकूंनी घासाघीस करून दोन जुड्या घेतल्या. मी शेजारी उभी होते. आम्ही निघेपर्यंत मारीने पुन्हा माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं, तर काकूंना कळलं असतं.