उभी गाडी

आत झोपायची-रांधायची सोय असलेली जुनी कॅम्पर गाडी बघायला मेकॅनिकला घेऊन गेलो होतो. निवृत्तीनंतर बायकोला घेऊन हिंडायचं, हे आमचं फार वर्षांपासून ठरलेलं.

मेकॅनिकनं आतल्या प्लायवूडवर अंगठा दाबला तर तो रुतलाच. छतातून पाणी मुरलं होतं. टायरची नक्षी नव्यासारखी, पण कडांना भेगा. "ही पळून झिजलेली नाही साहेब, उभ्या उभ्या कुजलीय," तो म्हणाला.

पुढे मात्र ताजं लिंबू-मिरची टांगलेलं होतं. सत्तरीचे मालक म्हणाले, "दर शनिवारी बदलतो. आमच्या मंडळींनी लावलं होतं पहिलं. एकही सहल व्हायच्या आत गेल्या."

जागची न हललेली गाडी; तिला कुणाची दृष्ट लागणार होती? आम्हीही तेच करत आलो. आधी मुलीचं लग्न, मग घराची दुरुस्ती, आता हिचे गुडघे. बेत तेवढा दरवर्षी ताजा करायचा.

घरी आल्यावर हिनं एवढंच विचारलं, "पायरी किती उंच आहे हो?"

मी हातानं दाखवली. होती त्यापेक्षा बरीच खाली.