सोन्याची निब आणि नईमाआपा

शहाद्याच्या एसटी स्टँडमागच्या गल्लीत मध्यंतरी एक बातमी फिरत होती. पेनं दुरुस्त करणाऱ्या नईमाआपाने म्हणे लोणखेड्याच्या इंद्रसिंगच्या पेनाची सोन्याची निब काढून घेतली, तिथे साधी पितळी बसवली, आणि ते सोनं वितळवून स्वतःच्या नाकात नवी चमकी घातली. बातमी नंदुरबारच्या मिरची बाजारात पोचेपर्यंत चमकीची नथ झाली होती. पुढे नवापूरच्या गाडीत बसली तेव्हा तिच्या बांगड्या झाल्या असतील, पण तेवढ्या लांबची जबाबदारी मी घेत नाही.

आता खरं काय ते ऐका. चमकी नवी होती, हे अगदी खरं. ती तिच्या सुरतच्या नणंदेने दिली, आणि दिली त्या दिवशीच आपाने ती भिंगाखाली धरून खरी की खोटी हे तपासलं, कारण नणंदेवरही तिचा विश्वास नाही. निब मात्र जिथली तिथे, पेनातच होती. माझ्या आणि आपाच्या दुकानाची भिंत एक, त्यामुळे निबेवरचा बारीक शिक्का मीही पाहिलेला आहे. शिवाय निबेत सोनं असतं ते किती? त्यात चमकी घडवायची तर ती मुंगीच्या नाकाला बसेल.

तरी बातमी मरेना. कारण तिच्यातली एक गोष्ट कुणालाच खोटी म्हणता येत नव्हती. इंद्रसिंगचं पेन खरोखरच लिहीत नव्हतं.

नईमाआपा म्हणजे नासिरचाचांची मुलगी. चाचा घड्याळं आणि पेनं दुरुस्त करायचे. दुकानाच्या पाटीवर अजून त्यांचंच नाव आहे. रंग उडालाय, नाव वाचता येतं. आपा शाळेतून आली की बापाच्या मांडीशी बसून पेनातली वाळलेली शाई धुवायची. पुढे तिचं लग्न झालं, नवरा वसीमभाई शेतातल्या पंपांच्या जळालेल्या मोटारी नव्या तारेने भरून देतो, मुली उजवल्या, चाचा गेले, आणि आपा बापाच्या गादीवर बसली. बाईच्या हातात पेन द्यायला सुरुवातीला लोक बिचकले. मग लोणखेड्याच्या कॉलेजातले प्राध्यापक येऊ लागले, कोर्टातले वकील येऊ लागले, आणि घरात वडिलांचं पेन पेटीत पडून आहे असे सगळे येऊ लागले.

स्वभावाने बाई संशयी. दुकानात तीन घड्याळं टांगलीत, कारण एकावर तिचा भरवसा नाही. अजान झाली की ती तिन्हींकडे डोळे बारीक करून बघते. चहावाल्याने कप ठेवला की आधी वास घेते. वसीमभाई लवकर घरी आला तर विचारते, काम संपलं की पळून आलास? उशिरा आला तर काय विचारते ते मी लिहीत नाही, मला तिच्या शेजारी राहायचंय. अशा बाईवर सगळ्या गावाने संशय घ्यावा, ही गंमत मला फार आवडली होती. पण गंमत थोड्याच दिवसांत कडू झाली.

झालं असं. इंद्रसिंग लोणखेड्याचा, केळीचा बागाईतदार, चाळिशीतला माणूस. त्याचे वडील गुलाबसिंग, म्हणजे आण्णा, मागच्या वर्षी गेले. त्यांचं एक जुनं विलायती पेन होतं, गडद हिरवं, बाजूला पितळी खटका. खटका उचलून सोडला की आतली रबराची थैली शाई ओढून घेते. आण्णा त्या पेनाने आयुष्यभर लिहीत आले. सोयरीक, तक्रार, आमंत्रण, सगळं त्यानेच. ते गेल्यावर पेन इंद्रसिंगकडे आलं, तेव्हा आत शाई वाळून दगड झाली होती. तो ते घेऊन आपाकडे आला.

आपाने पेन खोललं. निब आणि तिच्याखालची काळी जीभ, जिच्या खाचांतून शाई पुढे सरकते, ती दोन्ही कोमट पाण्यात भिजत ठेवली. खाचा साफ केल्या. निबेच्या मधल्या चिरेतून पितळेचा कागदासारखा पातळ पत्रा फिरवला. थैली नवी घातली. मग शाई भरून स्वतः चार ओळी लिहून बघितल्या आणि पेन इंद्रसिंगच्या हाती दिलं. नासिरचाचांच्या वेळेपासूनची ती रीतच. शाई दुकानदाराने भरायची, आधी दुकानदाराने लिहायचं, मग गिऱ्हाइकाने. पेन पाण्यासारखं चाललं. इंद्रसिंगने आण्णांचं नाव लिहून पाहिलं आणि खुशीत निघून गेला.

काही दिवसांनी तो परत आला.

"आपा, हाई पेन लिखस नही."

आपाने भिंग डोळ्याला लावलं. "दाबीसन लिखस का?"

"मी कसाले दाबू?"

"मंग तुन्ही शाईमा पानी व्हई."

"बाटली नवीकोरी शे."

आपाने पेन साबणाच्या पाण्याने पुन्हा धुतलं, पुन्हा भरलं, पुन्हा लिहिलं. पेन झकास चाललं. इंद्रसिंगनेही लिहिलं, त्याच्याही हातात चाललं. घरी गेला. आतली शाई संपेपर्यंत चाललं, नवी भरली आणि अडलं. दोन अक्षरं उमटायची, तिसरं कोरडं. झटकलं की कागदावर डाग, आणि पुन्हा कोरडं.

असं बऱ्याचदा झालं. मग एका दुपारी इंद्रसिंग दुकानाच्या पायरीवर बसला तो उठेचना. आवाज चढवला नाही त्याने. बागाईतदार माणूस चिडला की आवाज खाली जातो, हे मी मंडईत पाहिलंय.

"आपा, आण्णा लिखेत तव्हय हाई झराझरा चाले. तुन्हाकडे उनं आनि बसी गयं."

"मन्हासमोर तं चालस."

"तेच सांगी ऱ्हायनू. तुन्हासमोर चालस, घर गयं का नही. हाई काय शे मंग?" मग तो मनातलं बोलला. "निब तीच शे का, आपा?"

आमच्या गल्लीत दुपारी केळीच्या ट्रकांचा आवाज असतो. त्या दिवशीही असणारच, मला आठवत नाही. आपाने भिंग त्याच्यापुढे सरकवलं.

"देख."

त्याने पाहिलं. शिक्का तिथेच होता. तो म्हणाला, "शिक्का तं कोन्हीबी मारी देस."

एवढं बोलून तो पेन घेऊन गेला. पायरीवर तेव्हा आणखी एकजण घड्याळाच्या पट्ट्यासाठी थांबला होता. बातमी त्याच्यापासून निघाली असं मी मानतो. काहीजण माझं नाव घेतात. त्यांना दुसरं काम नाही.

मग चमकी जुळली, नथ जुळली, ते वर सांगितलंच. पण खरी वाईट गोष्ट वेगळी. कोर्टातले एक वकीलसाहेब आले आणि दुरुस्तीला ठेवलेलं पेन तसंच न दुरुस्त करता परत मागून घेतलं. "घाई नाही," म्हणाले, "नंतर आणतो." कॉलेजचे एक सर आले, आणि आपा हातात स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आहे तोवर तिच्या बोटांवरून नजर हलवेनात. नेहमी पेन टाकून भाजी आणायला जाणारा माणूस. आता पानटपरीलासुद्धा हलेना. दुरुस्तीच्या या धंद्यात माणूस आपली वस्तू तुमच्याकडे सोडून घरी जातो, तेवढीच तुमची पुंजी. ती गेली की पाटीवर बापाचं नाव असलं काय आणि खोडलं काय.

मी आपला नेहमीसारखा भिंतीवरून डोकावलो. "आपा, मन्हं बॉलपेन ठेवी जाऊ का? त्यामा सोनं नही."

"तुन्हा बॉलपेनमा शाईबी नही," ती म्हणाली. पण हसली नाही. आपा माझ्यावर चिडते, खेकसते, पण असं न हसता उत्तर कधी देत नाही.

नंतरचे दिवस ती सगळ्यांवर संशय घेत बसली. आधी शाईवाल्यावर. त्याच्याकडून तसलीच बाटली आणली, कागदावर थेंब टाकून रात्रंदिवस बघत राहिली, शाई निर्मळ निघाली. मग इंद्रसिंगच्या थोरल्या भावावर, जगदीशवर. त्याला आण्णांचं पेन हवं होतं म्हणतात; त्याने गुपचूप निब वाकवली असेल का? पण वाकलेली निब दुकानातही अडली असती. मग तिने संशय इंद्रसिंगवरच घेतला. हा माणूस मुद्दाम तर करत नाही ना, माझ्या बापाच्या गादीवर आळ आणायला? शेवटी माझ्यावरही आली.

"तू तं हात लावेल नही ना त्या पेनले?"

"मी कसाले लावू?"

"तुन्हा काय भरोसा," ती म्हणाली.

मग एका सकाळी तिने वसीमभाईला मोटारसायकलवर लोणखेड्याला पिटाळलं. निरोप एवढाच की इंद्रसिंगने पेन आणि घरचीच शाईची बाटली घेऊन यावं. इंद्रसिंग आला तो तोंड पाडून. त्याला वाटलं असावं, आपा आता चार माणसं गोळा करून भांडणार. माणसं गोळा झालीच होती. घड्याळाचा पट्टावाला होता, टपरीवाला होता, मी तर होतोच. वकीलसाहेबही कोर्टात जाता जाता जरा रेंगाळले.

आपाने पेन धुतलं, पुसलं, कोरडं करून त्याच्यापुढे ठेवलं. मग तिने जे केलं ते त्या दुकानात कधीच झालं नव्हतं. तिने हात मागे घेतले.

"आज मी भरनार नही. तू भर. घर जसं करस तसं कर, सगळं."

"मी काय नवं करस?"

"तेच देखनं शे."

इंद्रसिंगने बाटलीचं झाकण काढलं. निब शाईत बुडवली, खटका उचलला, सोडला, थोडा थांबला. सगळं बरोबर. आपा त्याच्या बोटांकडे अशी बघत होती, जशी ती दुधात पाणी आहे का ते बघते. त्याने पेन बाहेर काढलं. निबेवर शाई ओथंबली होती. आणि मग काहीही विचार न करता, मान जराशी तिरकी करून, त्याने निब कानामागच्या केसांतून फिरवली. एकदा सुलटी, एकदा उलटी. आपण सगळ्यांनी शाळेत जसं केलंय तसंच. मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही.

"थांब," आपा म्हणाली.

"काय व्हयनं?"

"आते काय करं तू?"

"काय करं? निब पुशी."

"डोकाले?"

"शाळामा सगळा पुसेत. तू नही पुशे का?"

"लिख."

त्याने लिहिलं. दोन अक्षरं आली, तिसरं कोरडं. वकीलसाहेब एक पायरी वर चढले.

आपाने एक कोरा कागद पुढे केला. "हाऊ कागद डोकाले लाव. दाबीसन."

इंद्रसिंगने निमूट कागद डोक्यावर दाबला आणि दिला. आपाने तो उजेडाकडे धरला. मधोमध पारदर्शक डाग, तळहाताएवढा. त्यातून समोरची टपरी अंधूक दिसत होती.

"कोन्तं तेल?"

"जमना लाई देस," तो म्हणाला. जमना म्हणजे त्याची बायको जमनाबाई. "केस गळतस म्हनीसन. जडीबुटीनं शे. रोज लावस ती."

आपाने त्याची निब पाण्याखाली धरली. पाणी तिच्यावर पसरेना. थेंब गोल होऊन घरंगळले; शाईचंही तेच होत होतं. मग कोमट पाण्यात साबणाचा एक थेंब टाकून निब आणि जीभ हलवून काढली, पुन्हा पाणी सोडलं. या वेळी पाणी चिरेपर्यंत सपाट पसरलं. पेन जोडून तिने त्याच्या हातात दिलं आणि बनियनच्या जुन्या कापडाचा तुकडा दिला. त्याने भरलं, सवयीने हात कानाकडे गेला, आपा खाकरली, हात खाली आला. कापडाने पुसलं. लिहिलं. पेन कागदभर चालत गेलं. इंद्रसिंगने कागद उलटा करून मागच्या बाजूलाही लिहिलं, जणू तिकडे तरी अडेल.

"पन आण्णाबी डोकालेच पुसेत," तो शेवटचा प्रयत्न म्हणून बोलला. "मी डोयाथीन देखेल शे."

यावर मात्र मला राहवलं नाही. "तुन्हा आण्णाले केस कठे व्हतात, भाऊ?" मी म्हणालो. गुलाबसिंगांचं टक्कल आमच्या तालुक्यात लांबून ओळखू यायचं, आणि त्याला तेल लावायचं कारणच नव्हतं. टपरीवाला हसला. वकीलसाहेबांनी खिशातून पेन काढलं, आपापुढे ठेवलं आणि संध्याकाळी नेतो म्हणून कोर्टाकडे चालते झाले. मागे वळून पाहिलंसुद्धा नाही.

इंद्रसिंग उठेना. पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. सगळ्यांसमोर बोललेलं सगळ्यांसमोरच मागे घ्यायला हवं, एवढं त्याला कळत होतं. माणूस वाईट नाही. घसा साफ करून तो म्हणाला, "आपा, मन्ही चूक व्हयनी. मी आजच स्टँडवर सांगस, लोणखेडामा सांगस, नंदुरबारलेबी सांगस, नईमाआपा चोर नही म्हनीसन."

आपा वकीलसाहेबांचं पेन खोलत होती. तिने भिंग डोळ्यावरून काढलंही नाही.

"मी चोर नही हाई सांगनारा तू कोन? तू डोकाले तेल लावस, इतलंच सांग."