इंजिन गार होईपर्यंत

माप वहिनींच्या हातून तेवीस वर्षांत तापलेल्या इंजिनावर पेट्रोलचा एक थेंब पडला नव्हता. नवरा मिस्त्री. लोकांच्या तळघरांत साठलेलं पाणी उपसून द्यायचा त्याचा धंदा. पंप एका हाताने उचलता येईल एवढासा, पण मिजास नव्या जावयाची. नुसतं पेट्रोल चालत नाही, त्यात मोजून ऑइल लागतं. कमी पडलं तर इंजिन जाम, जास्त झालं तर धूरच धूर. ते माप वहिनींकडे, म्हणून हे नाव. औषधाच्या टोपणाने मोजायचं, कॅन हलवायचा, जाळीच्या नरसाळ्यातून ओतायचं, आणि तेही बाहेर रस्त्यावर. सांडलं तर पुसून फडकं लांब ठेवायचं. इंजिन बंद झाल्यावर पंधरा मिनिटं त्याच्याजवळ पेट्रोल न्यायचं नाही. ज्याला घाई असेल त्याने बादलीने उपसावं, असं त्या गिऱ्हाइकाला तोंडावर सुनावायच्या.

त्या दिवशी काम एका छापखान्यात होतं. तळघरं एकाखाली एक अशी दोन, आणि पाणी खालच्या तळघरात. रस्त्यावरून पंप एवढ्या खोलातलं पाणी ओढेना, तेव्हा मिस्त्रीने तो वरच्या तळघरात नेला. वहिनींचा सगळा धसका आगीचा. त्यांनी स्वतः उतरून पाहिलं, कागदाचे गठ्ठे हलवायला लावले, मगच मान डोलावली. टाकी संपली की इंजिन गार होऊ द्यायचं आणि मग मिस्त्रीने पंप वर आणायचा, असं ठरलं. धुराचा विषयसुद्धा निघाला नाही.

तासाभराने आवाज थांबला. टाकी संपायची वेळ झालीच होती. वहिनी बाहेरच्या पायरीवर कॅन घेऊन घड्याळ बघत बसल्या. पाच मिनिटं गेली. एरवी मिस्त्रीला दम निघत नसे. आज खाली गप बसलाय म्हणून त्यांना बरंच वाटलं. दहा मिनिटांनी छापखान्याच्या मालकाने विचारलं, जाऊन बघू का. वहिनींनी त्याला अडवलं.

"पंधरा म्हणजे पंधरा. खाली गेलात की त्यांना घाई होईल."

पंधरा मिनिटं भरल्यावर त्यांनी हाक मारली. मग आणखी एक. उत्तर येईना तेव्हा त्या जिना उतरल्या.

मिस्त्री खालून तिसऱ्या पायरीवर पालथा पडला होता, एक हात वरच्या पायरीवर टाकून. वर यायला निघाला होता माणूस. वहिनींनी त्याच्या काखेत हात घातले. त्याला ओढता ओढता त्यांनाही गरगरायला लागलं. मालक आणि दोन कामगार श्वास रोखून उतरले नसते, तर दोघंही तिथेच राहिली असती. अंगावर भाजल्याची खूण नाही, कुठे ठिणगी नाही, काही नाही. मग झालं तरी काय, हेच वहिनींना कळेना.

मिस्त्री वाचला. दवाखान्यात त्याला प्राणवायू लावला होता. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं, की इंजिनाच्या धुरात एक विषारी वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. बंद जागेत तो माणसाला बसल्या जागी संपवतो. इंजिन आत चालवायचंच नाही, दार उघडं ठेवूनसुद्धा नाही. वहिनी ऐकत राहिल्या. तेवीस वर्षांत हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यांनीही कुणाला विचारलं नव्हतं.

मग डॉक्टरीणबाईंनी सहज विचारलं, याआधी कधी डोकं दुखणं, मळमळणं असं झालं होतं का.

वहिनींनी मिस्त्रीच्या खाटेकडे पाहिलं.

"तळघर खोल असलं की पंप आतच ठेवायचो. अशा कामाला त्यांचं डोकं दुखायचंच. ओकायचेसुद्धा. मी म्हणायचे, कामाचा कंटाळा, दुसरं काय. गोळी द्यायचे आणि परत खाली पाठवायचे."

"किती वेळा?"

"दर वेळी."

खाटेवरून मिस्त्री पुटपुटला, "जाऊ दे गं."

तेव्हा वहिनींना रडू फुटलं.