बिहीचा नवा दोर

डोंगरमाथ्यावरच्या कोठाराची राखण बिहीकडे. अख्ख्या गावाचं जव तिथं एका दारामागे, ज्याचं त्याच्या खणात. बिहीचा जीव मात्र दोरात. नवा वळला की गावभर ओढून दाखवायचा. बायको म्हणायची, "माझं लग्न ह्यांच्याशी, ह्यांचं दोराशी."

त्या वर्षी पाऊस फिरकलाच नाही. पाटाच्या पाण्यावरून वरच्या आळीचा हम्मू आणि खालच्या आळीचा अबेल्ला असे भांडले, की कुदळी उगारल्या गेल्या. सकाळी दोघंही कोठाराच्या दारात.

"उघड, बिही! ह्याच्या शेजारी माझं जव नको. सगळं घरी नेतो," हम्मू गरजला.

"तू काय नेतोस? मीच नेतो. माझी पोती मोजताना थकशील!" अबेल्ला म्हणाला.

बिहीनं मनात हिशेब केला. हे दोघं निघाले की आळ्याच्या आळ्या निघणार. मग जव घराघरांत, आणि घराघरांवर काठ्या. पण ज्याचं धान्य त्याला अडवणार कसं?

"न्या की," बिही म्हणाला. " कुदळी बाहेर. आत ज्याच्या तोंडून वाकडा शब्द गेला त्यानं गावजेवण घालायचं, रीत ठाऊक आहे. यंदा कुणाला परवडतंय बघू."

खण उंच. भिंतीतून डोकावणाऱ्या दगडांवरून एकानं चढायचं, पोतं दोरानं सोडायचं, दुसऱ्यानं खाली झेलायचं. पोरं कासाब्लांकाला कामाला, आणि रागाच्या भरात दोघंही एकटेच आलेले.

"माझे गुडघे गेलेत," बिही म्हणाला. कालच तो बकरीमागे धावताना गावानं पाहिला होता.

अबेल्ला चढला. हम्मू दात आवळून खाली उभा राहिला. बराच वेळ वर खुडबुड झाली. मग पोतं आलं. जड असेल म्हणून हम्मूनं अंग ताठ केलं होतं, तो मागेच कोलमडला. पोतं अर्धंही भरलेलं नव्हतं.

"आणखी?"

वरून अबेल्लाचा आवाज आला, हळूच, "एवढंच."

हम्मूनं पोत्याकडे पाहिलं, वर पाहिलं, आणि दोर चिमटीत धरला. "बिही, हा दोर कुजलाय रे. माझी पोती पेलायचा नाही. अबेल्ला, तुझंही वर ओढून घे, राहू दे इथंच. आणि माझ्या खणाची किल्ली बिहीकडे असते. कमी पडलं तर काढ. उंदरांनी तरी किती खायचं?"

वरून नाक ओढल्याचा आवाज आला. "धूळ फार आहे इथं," अबेल्ला म्हणाला.

बिही लालबुंद. दोर ह्याच आठवड्यात वळलेला! तोंड उघडलं, गावजेवण आठवलं, मिटलं.

"कुजलाय खरा," तो म्हणाला.

घरी गेल्यावर मात्र दोराचं एक टोक त्यानं बायकोच्या हाती दिलं. "ओढ. जोरात ओढ."

आणि जेवण निवेपर्यंत तिला ओढायला लावलं.